सरकार ‘तुमचं मत कळवा’ म्हणतं तेव्हा: लोकसहभाग खरा कधी आणि देखावा कधी?

‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वाचलेलं असतं. रस्ता रुंद करायचा असो, धरण बांधायचं असो, किंवा शहराचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा ठरवायचा असो, लोकांचं म्हणणं ऐकून घेण्याची तरतूद आता अनेक देशांच्या कायद्यांत आहे. योजनांच्या कागदपत्रांत ‘लोकसहभाग’ हा शब्द पानोपानी सापडतो. तरीही मनातली शंका काही जात नाही. मी लिहून पाठवलेलं कोणी वाचणार आहे का? बैठकीला गेलो तर काही बदलेल, की निर्णय आधीच होऊन गेलेला आहे?

ही शंका रास्त आहे. सरकारी यंत्रणा प्रत्यक्षात कशी चालते याच्या अभ्यासाला लोकप्रशासन म्हणतात. त्या विषयाचे अभ्यासक गेली पन्नासहून अधिक वर्षं हाच प्रश्न तपासत आले आहेत आणि त्यांना मिळालेलं उत्तर जरा अनपेक्षित आहे. लोकसहभाग म्हणजे ढिल्या सरकारवरचा उतारा, असा आपला समज असतो. सरकार करत नाही ना, मग लोक करतील. पुरावे मात्र वेगळंच सांगतात. जिथे जिथे लोकसहभाग फळाला आला, तिथे सरकार बाजूला झालं नव्हतं. त्याने नेहमीपेक्षा जास्त काम केलं होतं आणि शिवाय स्वतःचे हात काही प्रमाणात बांधून घेतले होते.

लोकांवाचून अडतं कुठे?

डॉक्टर कितीही निष्णात असला तरी कुठे दुखतंय ते रोग्यालाच सांगावं लागतं आणि औषधही त्यालाच घ्यावं लागतं. पुष्कळ सरकारी सेवांचं असंच आहे. साक्षीदार पुढे आला नाही तर पोलिसांचा तपास अडतो. घराघरांत ओला-सुका कचरा वेगळा झाला नाही तर पुढची सगळी यंत्रं निरुपयोगी ठरतात. मूल शाळेत आलंच नाही तर उत्तम शिक्षकही काही करू शकत नाही. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि त्यांचे सहकारी १९७० च्या दशकात पोलीससेवेचा अभ्यास करत होते, तेव्हा त्यांनी या गोष्टीला नाव दिलं: सहनिर्मिती. सेवा देणारा आणि घेणारा दोघे मिळून ती सेवा घडवतात, असा त्याचा अर्थ.

दुसरं कारण माहितीचं. पावसाचं पाणी नेमकं कुठे तुंबतं, संध्याकाळनंतर बायका कुठल्या वाटेने जायचं टाळतात, कुठल्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं, हे नकाशात नसतं. ते तिथे राहणाऱ्यांनाच ठाऊक असतं.

तिसरं कारण मान्यतेचं. निर्णय मनाविरुद्ध गेला तरी आपलं नीट ऐकून घेतलं होतं असं वाटलं, तर माणसं तो जास्त सहज स्वीकारतात. गोम आहे ती इथेच. पहिल्या दोन कारणांसाठी लोकांना मनापासून विचारावंच लागतं. तिसऱ्यासाठी मात्र विचारल्यासारखं केलं तरी भागेल, असा मोह यंत्रणेला होतो.

आठ पायऱ्यांची शिडी

हा मोह सगळ्यात स्पष्टपणे उघड केला तो शेरी अर्नस्टाइन यांनी. अमेरिकी सरकारच्या गृहनिर्माण आणि शहरविकास खात्यात त्यांनी काम केलं होतं आणि शहरी वस्त्या सुधारण्याच्या कार्यक्रमांत ‘सहभागा’चा व्यवहार कसा चालतो हे जवळून पाहिलं होतं. १९६९ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला. लोकसहभागावरच्या लिखाणात आजही त्याचा उल्लेख टाळता येत नाही. त्यात त्यांनी आठ पायऱ्यांची शिडी मांडली.

तळाच्या दोन पायऱ्यांवर सहभाग नसतोच. लोकांना वळवणं किंवा त्यांचीच ‘समजूत घालणं’ एवढाच तिथला हेतू. मधल्या तीन पायऱ्या म्हणजे माहिती देणं, मत विचारणं आणि समितीत एखाद-दुसरी जागा देऊन शांत करणं. इथे लोकांना बोलता येतं, पण बोललेलं मानलं जाईल याची हमी कोणी देत नाही. अर्नस्टाइन यांनी याला नाममात्र सहभाग म्हटलं. वरच्या तीन पायऱ्यांवर, म्हणजे भागीदारी, काही अधिकार सोपवणं आणि पूर्ण नियंत्रण, निर्णयाची सत्ता खरोखर लोकांकडे सरकते. त्या लेखात त्यांनी फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांच्या एका भित्तिपत्रकाचाही दाखला दिला होता. शाळेत क्रियापदं घोकावीत तसा त्यातला मजकूर: मी सहभागी होतो, तू सहभागी होतोस, तो सहभागी होतो, आपण सहभागी होतो, तुम्ही सहभागी होता… ते फायदा घेतात.

या शिडीवर पुढे बरीच टीका झाली. वरची पायरी नेहमीच चांगली असं नाही, हा त्यातला एक मुद्दा. पुलाच्या खांबाची जाडी मतदानाने ठरवू नये, हे कोणालाही पटेल. तरी मला ही शिडी आजही कामाची वाटते, कारण ती एकच प्रश्न विचारायला शिकवते: इथे बोललेल्या शब्दाने नेमकं काय बदलू शकतं?

भारतातलंच एक उदाहरण घ्या. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणविषयक जनसुनावणीत लोकांची मतं नोंदवली जातात, पण ती सुनावणी प्रकल्प नाकारू शकत नाही. म्हणजे ती मधल्या पायऱ्यांवरची. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरात बॉक्साइटची खाण व्हायची होती, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये वेगळी वाट धरली. वनहक्क कायद्याच्या आधारे न्यायालयाने सांगितलं की या खाणीमुळे डोंगरिया कोंध आणि इतर वनवासींच्या धार्मिक-सांस्कृतिक हक्कांवर गदा येते का, हे ग्रामसभांसमोर यावं. १२ ग्रामसभा झाल्या. बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने प्रकल्पाला नकार दिला. सभा तर दोन्हीकडे भरते. फरक पडतो तो सभेमागे उभ्या असलेल्या कायद्याने.

भांडणारे एकत्र कधी बसतात?

ग्रामसभेला हो किंवा नाही म्हणता आलं. पण पुष्कळ प्रश्न असे असतात की तिथे नुसत्या हो-नाहीने सुटका होत नाही. अनेक गट, अनेक खाती, प्रत्येकाच्या हाती थोडी थोडी सूत्रं. अशा वेळी सरकार आणि बाहेरचे संबंधित गट औपचारिकपणे एकत्र बसून, चर्चेतून, शक्यतो एकमताने सार्वजनिक निर्णय घेतात. या पद्धतीला अभ्यासक सहयोगी कारभार म्हणतात. एकदा बोलावून मत विचारणं हा सहयोगी कारभार नव्हे. इथे सगळ्यांना मिळून निर्णयापर्यंत पोचायचं असतं.

याचं एक गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्क शहराच्या पाण्याचं आहे. शहराचं बहुतेक पाणी दूरच्या डोंगराळ भागातल्या जलाशयांतून येतं आणि त्या जलाशयांच्या पाणलोटात गायी पाळणारे शेतकरी राहतात. शेण, खतं, जनावरांचे रोगजंतू हे सगळं पावसाबरोबर पाण्यात उतरू शकतं. १९८९ मध्ये केंद्र सरकारचा नियम आला: असं पाणी गाळण प्रकल्पातून गेलंच पाहिजे, नाहीतर पाणलोटाचं संरक्षण नीट होतंय हे शहराने सिद्ध करावं. गाळण प्रकल्पाचा खर्च अब्जावधी डॉलरमध्ये होता.

शहराने आधी सरळसोट मार्ग घेतला. शेतीवर कडक बंधनं घालणाऱ्या नियमांचा मसुदा काढला. शेतकरी पेटून उठले. त्यामागे जुनी जखमही होती. याच शहराच्या जलाशयांसाठी त्या भागातली गावं पूर्वी पाण्याखाली गेली होती, आणि ते कोणी विसरलं नव्हतं. मग राज्याच्या कृषी खात्याने दोन्ही बाजूंना एकत्र बसवलं. महिनोन्‌महिने बोलणी झाली. शेवटी जो तोडगा निघाला तो कोणत्याही एका बाजूच्या मूळ मागणीत नव्हता. प्रत्येक शेतासाठी स्वतंत्र आराखडा, तो शेतकऱ्यांच्याच परिषदेमार्फत, भाग घेणं ऐच्छिक, खर्च शहराचा. बदल्यात एक अट: पाच वर्षांत ८५ टक्के शेतकरी सामील झाले पाहिजेत. ती अट पूर्ण झाली. १९९७ मध्ये गावांबरोबर आणखी मोठा करार झाला, त्यात शहर जमीन घेईल ती राजीखुशीने विकणाऱ्याकडूनच असं ठरलं. त्या डोंगरांतलं पाणी निर्जंतुक करून, पण गाळण प्रकल्प न उभारता, लाखो लोकांपर्यंत पोचत राहिलं.

हे तिथेच का जमलं? क्रिस अॅन्सेल आणि अॅलिसन गॅश या दोन अभ्यासकांनी जगभरातली अशी १३७ प्रकरणं एकत्र मांडून २००८ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा: माणसं चांगुलपणामुळे एकत्र बसत नाहीत, दुसरा रस्ता उरत नाही म्हणून बसतात. शहराला प्रचंड खर्च टाळायचा होता, शेतकऱ्यांना नियमांचा बडगा. एखाद्या गटाला कोर्टात जाऊन किंवा मंत्र्याकडे वशिला लावून एकट्यालाच हवं ते मिळत असेल, तर तो चर्चेला आला तरी वेळ काढायलाच येतो. याउलट, समोरासमोर बसणं सुरू झालं आणि एखादी छोटी गोष्ट खरंच पार पडली, की विश्वास थोडा वाढतो. त्या विश्वासावर पुढची थोडी मोठी गोष्ट जमते. भांडणाचा इतिहास जितका कडू, तितका वेळ जास्त. आणि एखादी बाजू फारच दुबळी असेल तर तिला आधी बळ द्यावं लागतं: माहिती, तज्ज्ञ, प्रवासखर्च, बोलायला पुरेसा वेळ. नाहीतर सहमतीच्या नावाखाली बलवानाचंच म्हणणं खरं ठरतं.

या प्रक्रियेत अधिकाऱ्याची भूमिका बदलते, आणि मला तर हा सगळ्यात अवघड भाग वाटतो. आदेश देण्याचं प्रशिक्षण मिळालेल्या माणसाला सभा चालवावी लागते, गप्प बसलेल्याला बोलतं करावं लागतं, दोघांचं भांडण न चिडता ऐकावं लागतं. हे कौशल्य आपोआप येत नाही आणि बढतीच्या निकषांत ते क्वचितच मोजलं जातं.

पैसा समोर ठेवला तर

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्री शहरात १९८९ मध्ये एक प्रयोग सुरू झाला: सहभागी अंदाजपत्रक. शहराच्या भांडवली खर्चातून आधी काय करायचं, सांडपाण्याच्या वाहिन्या, रस्ते, शाळा की घरं, हे लोकांनी खुल्या सभांत ठरवायचं. शहराचे १६ भाग पाडले. प्रत्येक भागातल्या सभांनी प्राधान्यक्रम लावायचा आणि आपले प्रतिनिधी निवडायचे. त्या प्रतिनिधींच्या परिषदेने महापालिकेच्या अधिकाऱ्यांबरोबर बसून अंदाजपत्रकाचा मसुदा करायचा.

सुरुवातीची एक-दोन वर्षं सभांना फार गर्दी नव्हती. महापालिकेची तिजोरी पगारातच रिकामी होत होती, त्यामुळे मागितलेली कामं होत नव्हती आणि लोकांनी पाठ फिरवली. पुढे करांची घडी बसवली, हाती पैसा आला, वस्त्यांमध्ये कामं दिसू लागली, आणि मग सभांना हजारो माणसं येऊ लागली. लोक उदासीन असतात असं म्हणणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा. तिथे आधी काम झालं आणि गर्दी मागाहून आली.

या पद्धतीत दोन गोष्टी विशेष होत्या. एक म्हणजे निधीवाटपाचं जाहीर सूत्र. ज्या भागात सोयी कमी त्याला जास्त गुण, त्यामुळे नुसती मोठी गर्दी जमवून सगळा निधी ओढून नेता येत नसे. दुसरी म्हणजे हिशेब. गेल्या वर्षी मान्य झालेल्या कामांपैकी किती झाली, किती राहिली आणि का राहिली, हे अधिकाऱ्यांनी लोकांपुढे उभं राहून सांगायचं. वर्षभराच्या कामांची छापील यादी कोणालाही मिळे. ज्याला हवं त्याने ती घेऊन रस्त्यावर उतरावं आणि ताडून पाहावं.

ही पद्धत पुढे जगभरातल्या हजारो शहरांत गेली. मायकेल टचटन आणि ब्रायन वॉम्प्लर यांनी ब्राझीलमधल्या मोठ्या शहरांचा दीर्घकाळचा अभ्यास २०१४ मध्ये मांडला. सहभागी अंदाजपत्रक असलेल्या शहरांत आरोग्यावरच्या खर्चाचा वाटा जास्त होता आणि बालमृत्यूचं प्रमाण कमी होतं. पद्धत जितकी जुनी, तितका परिणाम ठळक.

केरळने १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम सुरू केली तेव्हा राज्याच्या योजनाखर्चातला सुमारे ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांकडे सोपवायचं ठरलं. त्याबरोबर गावोगावच्या माणसांना आराखडे कसे करायचे याचं मोठं प्रशिक्षण दिलं गेलं. अधिकार, पैसा आणि शिक्षण हे तिन्ही एकाच वेळी पोचणं दुर्मीळ असतं. केरळची मोहीम अभ्यासकांच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येते ती त्यामुळेच.

पोर्तो अलेग्रीची पुढची कहाणी मात्र सुखाची नाही. हा प्रयोग आणणारा पक्ष २००४ ची निवडणूक हरला. नंतरच्या काळात पद्धत नावाला उरत गेली आणि २०१७ मध्ये ती स्थगितच झाली. जे सत्ताधाऱ्यांच्या मर्जीने सुरू होतं आणि कायद्यात पक्कं बसत नाही, ते मर्जी फिरली की संपतं.

‘पण बैठकीला येतं कोण?’

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि त्याला पुरावाही आहे. अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स राज्यात तीन अभ्यासकांनी नव्या घरांच्या परवानगीसाठी होणाऱ्या सभांची इतिवृत्तं तपासली. बोलणारे कोण होते, हे त्यांनी मतदारयादी आणि मालमत्तेच्या नोंदींशी ताडून पाहिलं. बोलणाऱ्यांमध्ये वयस्कर माणसं, पुरुष, घरमालक आणि वर्षानुवर्षं तिथे राहणारे यांचा भरणा त्यांच्या प्रमाणापेक्षा जास्त होता आणि बहुतेकांचा नव्या घरांना विरोध होता. जे त्या घरांत राहायला आले असते, ते सभेला नव्हतेच. ते अजून त्या गावचे झालेच नव्हते. ‘लोकांचा विरोध आहे’ असं म्हणताना त्या सभेतले लोक कोण, हे विचारायला हवं.

तमिळनाडूतल्या ग्रामसभांमधल्या संभाषणांचा अभ्यासही असाच डोळे उघडणारा आहे. स्त्रिया सभेला येतात, पण पुरुषांपेक्षा कमी बोलतात. चर्चेचा विषय त्यांच्या बोलण्याने ठरण्याची आणि अधिकाऱ्यांकडून त्यांना उत्तर मिळण्याची शक्यताही कमी असते. ग्रामपंचायतीची अध्यक्ष स्त्री असेल तेव्हा मात्र स्त्रियांच्या म्हणण्याला प्रतिसाद जास्त मिळतो. म्हणजे दार उघडं ठेवणं पुरत नाही, खुर्चीत कोण बसलंय यानेही फरक पडतो.

गावातल्या वजनदार मंडळींनी सभेचा कब्जा घेणं हा धोका जगभर आढळतो. त्यावरचे उपाय खर्चिक असले तरी माहीत आहेत: राखीव जागा, सोयीची वेळ, मुलं सांभाळण्याची व्यवस्था, बुडालेल्या मजुरीची भरपाई. आणखी एक उपाय म्हणजे सोडत. ज्याला यायचं त्याने यावं असं न करता, वय, लिंग, प्रदेश, सामाजिक स्तर यांचं प्रमाण राखून सामान्य नागरिकांची सोडतीने निवड करायची. अशा मंडळाला नागरिक सभा म्हणतात.

‘सामान्य माणसाला यातलं काय कळणार?’

आयर्लंडमध्ये गर्भपाताचा प्रश्न कित्येक दशकं पेटलेला होता. घटनेतल्या एका दुरुस्तीने त्यावर जवळपास पूर्ण बंदी होती आणि कोणताही मोठा पक्ष त्याला हात लावायला धजत नव्हता. २०१६ मध्ये ९९ नागरिकांची सभा नेमली गेली. अध्यक्षपदी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश होत्या. पाच शनिवार-रविवार या लोकांनी डॉक्टर, वकील, नीतितज्ज्ञ, दोन्ही बाजूंच्या संघटना आणि स्वतः या अनुभवातून गेलेल्या स्त्रिया यांचं म्हणणं ऐकलं, छोट्या गटांत चर्चा केली आणि गुप्त मतदान केलं. त्यांच्या शिफारशी अनेकांच्या अपेक्षेपेक्षा उदार निघाल्या. त्या संसदेच्या समितीकडे गेल्या आणि २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी बंदी उठवण्याच्या बाजूने कौल दिला.

या ९९ जणांना आधी विषय कळत होता का? बहुतेकांना नसावा. पण त्यांना वेळ दिला गेला, दोन्ही बाजूंची माहिती दिली गेली, प्रश्न विचारता आले. रस्त्यात गाठून दोन मिनिटांत विचारलेलं मत आणि असं तयार झालेलं मत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

शिवाय काही विषयांत लोकांना तज्ज्ञांपेक्षा जास्त कळतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी कुरणं, जंगलं, पाण्याचे पाट अशा सामाईक साधनांचा अभ्यास केला. त्याआधी समज असा होता की सामाईक गोष्ट लोक ओरबाडून संपवतातच, म्हणून ती सरकारने तरी ताब्यात घ्यावी नाहीतर खासगी मालकाला तरी द्यावी. ऑस्ट्रॉम यांनी शतकानुशतकं टिकलेल्या व्यवस्था दाखवून दिल्या. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचा एक जुना नियम फार सुंदर आहे: हिवाळ्यात जितक्या गायी स्वतःच्या वैरणीवर पोसता येतात, तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणात सोडायच्या. मोजायला सोपा, पाळला जातो की नाही हे शेजाऱ्याला दिसणारा. या कामासाठी २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. अशा टिकाऊ व्यवस्थांची लक्षणं सांगताना त्यांनी एक अटही नोंदवली आहे, आणि ती सहसा विसरली जाते: लोकांनी केलेल्या नियमांना वरच्या सरकारने निदान मान्यता तरी दिली पाहिजे.

‘लोक लक्ष ठेवतील तर भ्रष्टाचार थांबेल ना?’

इथे मला सावध राहावंसं वाटतं, कारण मनाला पटणारी गोष्ट आणि हाती आलेला पुरावा यांची इथे फारकत होते. अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी इंडोनेशियात ६०० हून अधिक गावांतल्या रस्त्यांच्या कामांवर प्रयोग केला. काही गावांना सांगितलं की कामाची सरकारी तपासणी नक्की होणार. काही गावांत लोकांना हिशेबाच्या बैठकांची खास आमंत्रणं दिली. मग अभियंत्यांनी रस्ते खणून खरंच किती माल पडलाय ते मोजलं. तपासणीच्या हमीमुळे गायब होणाऱ्या पैशाचं प्रमाण दर शंभर रुपयांमागे सुमारे ८ रुपयांनी घटलं. लोकांच्या बैठकांनी सरासरीने फारसा फरक पडला नाही. मजुरीतली चोरी तेवढी कमी झाली, कारण मजुरी लोकांच्या स्वतःच्या खिशात जायची होती आणि ती कमी पडली तर लगेच कळत होतं. रेती-खडीतली चोरी मात्र चालूच राहिली. रस्त्याच्या पोटात खडी किती गेली, हे वरून बघणाऱ्याला कसं कळावं?

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात शाळांबाबत असाच प्रयोग झाला. प्रत्येक गावात कायद्याने ग्राम शिक्षण समिती होती, पण कित्येक पालकांना ती असल्याचंच माहीत नव्हतं; काही सदस्यांनाही आपण सदस्य आहोत हे ठाऊक नव्हतं. सभा घेतल्या, हक्क समजावले, मुलांना वाचता येतं का हे तपासायला शिकवलं. सरकारी शाळेच्या कारभारात पालकांचा सहभाग त्याने वाढला नाही. पण गावातल्या तरुणांना मुलांना वाचायला शिकवण्याचं सोपं तंत्र दिलं, तेव्हा ते पुढे आले, वर्ग घेतले, आणि त्या वर्गांना आलेल्या मुलांचं वाचन सुधारलं. माझ्या मते याचा अर्थ लोक बेफिकीर होते असा होत नाही. आपण केलेल्या गोष्टीने फरक पडेल असं जिथे दिसलं, तिथे ते आले. ज्या समितीला शिक्षकाला जाब विचारण्याची खरी ताकद नव्हती, तिच्यासाठी संध्याकाळ खर्ची घालायला ते तयार नव्हते.

‘मग निवडून दिलेले प्रतिनिधी कशाला?’

प्रतिनिधी लागतातच. पाच वर्षांतून एकदा दिलेलं मत मात्र एखाद्या रस्त्याबद्दल किंवा कुरणाबद्दल काहीच सांगत नाही. ती उणीव सहभाग भरून काढतो. दोन्हींची सांगड कशी घालायची हे आधी ठरलेलं नसेल तर पंचाईत होते. फ्रान्समध्ये २०१९-२० मध्ये हवामानबदलावर १५० नागरिकांची सभा भरली. त्यांचे प्रस्ताव काटछाट न करता संसदेकडे, सार्वमताला किंवा थेट अंमलबजावणीला जातील, असं राष्ट्राध्यक्षांनी सांगितलं होतं. नागरिकांनी नऊ महिने राबून १४९ प्रस्ताव दिले. त्यांतले काही नाकारले गेले, बरेच सौम्य झाले. शेवटच्या बैठकीत सदस्यांनी, सरकारने आपले प्रस्ताव किती मनावर घेतले याला १० पैकी सरासरी ३.३ गुण दिले. संसदेला प्रस्ताव बदलण्याचा अधिकार आहेच, त्यात गैर काही नाही. गैर होतं ते पाळता येणार नाही असं वचन देणं.

वेळ आणि पैसा हाही आक्षेप खरा आहे. रेने अर्विन आणि जॉन स्टॅन्सबरी यांनी २००४ मध्ये थेट लिहिलं की परिस्थिती अनुकूल नसेल तर सहभागाची प्रक्रिया वाया जाते आणि तोच पैसा प्रत्यक्ष कामावर खर्च केलेला बरा. निर्णय बदलायचाच नसेल तर लोकांना बोलावू नये, हे मलाही मान्य आहे. आज फसवलेला माणूस उद्याच्या प्रामाणिक बैठकीलाही येत नाही.

यंत्रणेला काय करावं लागेल?

जागतिक बँकेसाठी गझाला मन्सूरी आणि विजयेंद्र राव यांनी सुमारे ५०० अभ्यासांचा आढावा २०१३ मध्ये मांडला. आधीच्या दशकात बँकेने स्थानिक सहभागाच्या कार्यक्रमांवर सुमारे ८५ अब्ज डॉलर खर्च केले होते. आढाव्याचा सूर संयमित आहे. वरून पेरलेला सहभाग प्रकल्पाची मुदत संपली की सुकतो, आणि वरचं सरकार जागरूक असेल तिथेच खालचा सहभाग चांगला रुजतो.

यातून निघणारी कामं साधी वाटतात, पण ती कार्यालयाची रोजची सवय बदलायला लावतात. पहिलं म्हणजे सूचनेतच स्पष्ट लिहायचं की कोणत्या गोष्टी ठरलेल्या आहेत आणि कोणत्या खुल्या आहेत. मसुदा पक्का होण्याआधी लोकांकडे जायचं. तांत्रिक तपासणी लोकांच्या माथी न मारता अभियंते आणि लेखापरीक्षकांकडेच ठेवायची, पण त्यांचे अहवाल लोकांना वाचता येतील अशा भाषेत उघड करायचे. ज्या अधिकाऱ्याने दोन वर्षं खपून परस्परांवर रुसलेल्या गटांना बोलतं केलं, त्याची बदली बोलणी ऐन रंगात असताना करायची नाही, कारण कमावलेला विश्वास फाइलीबरोबर नव्या माणसाकडे सोपवता येत नाही. आणि आलेल्या प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यायचं: मान्य केली तर आराखड्यात नेमका कुठे बदल झाला, अमान्य केली तर कोणत्या कारणाने, आणि ते कारण पटलं नाही तर पुढे दाद कुणाकडे मागायची.